जावा, गुडघे आणि एपिडॉरस

अहो, ऐकलंत का? गुलमोहरवाल्या काकू आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई बोलत नाहीत एकमेकींशी! संकष्टीला गणपतीच्या देवळात दोघी अगदी समोरासमोर आल्या, तर काकू एकदम घंटेकडेच बघत उभ्या राहिल्या. घंटेकडे! इतक्या वर्षांत कधी मान वर करून बघितली नसेल त्यांनी ती घंटा. आणि आपल्या पारिजातवाल्या वहिनी, त्या तर दोघींपैकी कुणीही दिसलं की भाजीच्या गाडीमागे दडतात. कालच बघितलं ना मी, हातात कोथिंबिरीची जुडी आणि मान खाली.

नाही हो, वाटणीचं नाही. ते जुनं झालं, ते सगळ्या कॉलनीला पाठ आहे. हे ग्रीसला झालं. ग्रीसला! लाखांनी पैसे भरायचे, व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायचे, आणि तेवीसशे वर्षांपूर्वीच्या दगडी पायऱ्यांवर बसून... जाऊ दे. असं मधूनच सांगण्यात मजा नाही. जरा इकडे सरका, जास्वंदीच्या बाजूला. तिकडे त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे.

तर अथेन्स, ॲक्रोपोलिस वगैरे आदल्या दिवशीच उरकलं होतं. ते फोटो तुम्ही पाहिलेच आहेत, ज्यात उन्हामुळे सगळ्यांचे डोळे मिटलेत. दुसऱ्या दिवशी होती ती अथेन्सबाहेरची सहल. सकाळी आठला बस, मग कॉरिंथचा कालवा, मायसिनी, जेवण, नाफ्प्लियो, शेवटी एपिडॉरस आणि रात्रीपर्यंत परत. बसमध्ये काकू आणि जाऊबाई शेजारीशेजारी. काय ते गूळपीठ! एकीने खाकरा काढला की अर्धा दुसरीच्या हातात. मागच्या सीटवर पारिजातवाल्या वहिनी आणि मी. पलीकडे पाटबंधारेवाले काका, मांडीवर वही, कानामागे पेन. ते निघायच्या आधी दोन महिने ग्रीसवरच वाचत होते, त्यामुळे गाइडची काही खैर नव्हती.

गाइड मात्र फर्मास हो! अथेन्सचीच बाई, साठीची असेल, बारीक कापलेले पांढरे केस, गळ्यात सरकारी बिल्ला, हातात मिटलेली लाल छत्री. त्यांच्याकडे कायदाच आहे, परवाना असल्याशिवाय अवशेषांच्या जागी कुणी गाइडगिरी करायची नाही. त्यामुळे आपला टूर मॅनेजर, जो एरवी बोलून बोलून डोकं उठवतो, तो तिथे मुका. पहारेकऱ्याकडे पाठ करून, डोंगराकडे बघत हळूच भाषांतर करायचा. आणि भाषांतर तरी काय दिव्य! बाई सांगत होती की राणीने नवऱ्याला न्हाणीघरात अंगावर वस्त्र टाकून, हात अडकवून ठार मारलं. आणि हा म्हणतो, ‘त्यानंतर राजाराणीत थोडे मतभेद झाले.’

पण ते नंतर. आधी कालवा.

कालव्यावर बस थांबते ती खरं तर बाथरूमसाठी, आता तुमच्यापासून काय लपवायचं. पण पुलावर गेलं की पोटात गोळा येतो. खाली बघावं तर दोन्हीकडे सरळसोट कापलेले कडे, पाऊणशे मीटरच्या वर उंच, आणि तळाशी निळं पाणी, जेमतेम पंचवीस मीटर रुंद. काकांचं तर आयुष्य पाटबंधाऱ्यात गेलेलं, त्यांना कंठ फुटला. लांबी सहा किलोमीटरच्या वर, १८८२ ला काम सुरू, १८९३ ला पूर्ण. आणि त्याच्या कितीतरी आधी, इसवी सन ६७ मध्ये, रोमच्या नीरोने हाच कालवा खणायला घेतला होता, सहा हजार ज्यू कैदी कामाला लावून. पुढच्याच वर्षी नीरो मेला आणि काम बंद पडलं. हे सांगताना काका असे हळहळले! म्हणाले, ‘साहेब बदलला की हेच होतं.’ त्यांच्या सर्व्हिसमधलं कुठलं धरण आठवलं कोण जाणे.

नीरोच्याही आधी काय करायचे ठाऊक आहे? दगडी वाट बांधली होती, तिच्यावरून जहाजं ओढत या समुद्रातून त्या समुद्रात न्यायचे. खालून अख्ख्या पेलोपोनीजला वळसा घालण्यापेक्षा हे परवडायचं. आता काका कॅमेरा लावून बसले, मोठं जहाज येईल म्हणून. गाइड म्हणाली, ‘सर, आजची मोठी जहाजं यात मावतच नाहीत.’ त्यांचा चेहरा इतका पडला! एवढंसं तोंड झालं. जहाजाऐवजी एका मुलीने पायाला दोरी बांधून पुलावरून उडी मारली, तिथे तो धंदाच चालतो. काकूंनी डोळे मिटून घेतले आणि जाऊबाईंचा हात घट्ट धरला. बघा, तेव्हा हात धरत होत्या.

तर काय सांगत होते... हां, मायसिनी. तिथे खरी सुरुवात झाली.

टेकडीवर आहे ते. आजूबाजूला ऑलिव्हची झाडं, मागे उघडे डोंगर आणि वर जायची वाट इतकी गुळगुळीत की चप्पल घालून गेलात तर संपलात. तटबंदीचे दगड एवढे अवाढव्य की नंतरच्या ग्रीकांनाच पटेना माणसांनी उचलले म्हणून. त्यांनी ठरवून टाकलं, सायक्लॉप्सनी बांधलं हे, ते एकडोळे राक्षस असतात ना, त्यांनी. दारावर दोन सिंह, का सिंहिणी त्यावरही वाद आहे, कारण दोघांनाही डोकी नाहीत. वेगळी घडवून बसवली होती, ती गेली. इसवी सनापूर्वी साधारण १२५० चं दार. त्याच्याखाली उभं राहून गाइडने छत्री टेकवली आणि अगामेम्नॉनच्या घरातलं सगळं बाहेर काढलं.

ट्रॉयचं युद्ध, हेलन, ते तर तुम्हाला माहीतच आहे. पण माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं, की हेलन आणि अगामेम्नॉनची बायको क्लायटेम्नेस्ट्रा या बहिणी, आणि दिलेल्या दोघी सख्ख्या भावांना! म्हणजे बहिणी बहिणी आणि जावा जावा. बाईने एवढं सांगितलं मात्र, आपल्या अख्ख्या ग्रुपचे कान टवकारले. तोवर निम्म्या जणी सावली शोधत होत्या. धाकटी जाऊ गेली परक्याबरोबर पळून आणि तिला आणायला थोरलीच्या नवऱ्याने लढाई काढायची. ‘याला म्हणतात दिराच्या घरचं निस्तरणं,’ पारिजातवाल्या वहिनी म्हणाल्या. काकूंनी माझ्याकडे बघितलं, जाऊबाईंनी डोंगराकडे.

पुढे ऐका. वारा पडला, जहाजं हलेनात. देवीचा कोप म्हणे. तर या बापाने काय करावं? घरी निरोप पाठवला, लेकीला घेऊन या, अकिलीसशी लग्न ठरवलंय. आई बिचारी मुलीला नटवून घेऊन गेली आणि तिथे मांडव नाही, वेदी! मुलीचा बळी दिला हो. सांगताना अंगावर काटा येतो. जाऊबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी. त्यांच्या लेकीचं नुकतंच ठरलंय ना, मार्गशीर्षात साखरपुडा झाला. त्या साखरपुड्याचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दहा वर्षांनी हा राजा युद्ध जिंकून घरी आला, आणि येताना बरोबर कोण? ट्रॉयची राजकन्या कॅसान्ड्रा. रथात बसवून! आणि इकडे राणीचंही नवऱ्याच्या चुलतभावाशी जुळलेलं. मग ते न्हाणीघर. मतभेद. गाइडने विचारलं, ‘आता सांगा, तुम्ही कुणाच्या बाजूने?’ सगळ्या बायकांचे हात राणीसाठी वर. पुरुष मंडळी एकदम सिंहांचं शिल्प बारकाईने बघायला लागली.

आणि हे सगळं आलं कुठून, तर आधीच्या पिढीतून. अगामेम्नॉनचा बाप एट्रियस, त्याने भावाला समेटाच्या जेवणाला बोलावलं आणि त्याचीच मुलं शिजवून वाढली. ‘भाऊबंदकी!’ काका एवढंच म्हणाले. टूर मॅनेजरने या भागाचं भाषांतरच केलं नाही. म्हणाला, ‘जेवणाची वेळ जवळ आली आहे.’

आत गेल्यावर गोल कुंपणाची ती जागा आहे, जिथे सोनं सापडलं. श्लीमान नावाच्या जर्मन माणसाने १८७६ ला खणली. सहा खड्डेवजा थडगी, एकोणीस माणसं आणि सगळं मिळून चौदा किलोच्या आसपास सोनं. वहिनींनी तिथल्या तिथे हिशेब केला, दहा ग्रॅमचा तोळा धरला तर चौदाशे तोळे! ‘आणि चोरांनी नेलं नाही इतकी वर्षं?’ हा त्यांचा प्रश्न. मुखवट्यासाठी आल्या होत्या त्या. तो सोन्याचा, मिशावाला. कॉलनीभर सांगून ठेवलं होतं, अगामेम्नॉनच्या मुखवट्याबरोबर सेल्फी काढणार म्हणून. गाइड म्हणाली, ‘तो इथे नाही, अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.’ जिथून आम्ही सकाळी निघालो तिथे! आणि वर म्हणाली, ‘तो अगामेम्नॉनचाही नाही. ट्रॉयच्या युद्धाचा काळ जो मानतात, त्याच्या तीनेकशे वर्षं आधीच्या कुणाचा तरी आहे.’ वहिनींनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन अशी ओढली की काका दचकले.

पण श्लीमानचं प्रकरण ऐकलंत का तुम्ही? मला तर अगामेम्नॉनपेक्षा तेच रंगतदार वाटलं. गडगंज व्यापारी माणूस, पहिली बायको रशियन. तिच्यापासून घटस्फोट कुठे घेतला, तर अमेरिकेत जाऊन, इंडियानापोलिसला! १८६९ ची गोष्ट. आणि त्याच वर्षी दुसरं लग्न. ग्रीक शिकवणाऱ्या धर्मगुरूला पत्र लिहिलं की माझ्यासाठी ग्रीक मुलगी बघा. फोटो मागवले. त्यातून सोफिया पसंत पडली. ती सतरा, हा सत्तेचाळीस. बघायला गेला तेव्हा तिला होमर म्हणून दाखवायला लावलं म्हणे. म्हणजे आपल्याकडचे कांदेपोहेच, फक्त पोह्यांऐवजी महाकाव्य. मुलगी झाली तर नाव अँड्रोमाकी, मुलगा झाला तर अगामेम्नॉन. शाळेत हजेरीला काय वाटत असेल त्या पोराला!

मायसिनीला नवराबायको दोघं खणत होती आणि डोक्यावर सरकारने नेमलेला देखरेख अधिकारी, स्टामाटाकिस. त्याचं आणि यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. हा म्हणायचा, वरचे रोमन काळातले, नंतरच्या ग्रीकांचे थर उपटून फेकताय तुम्ही, सावकाश घ्या. श्लीमानला धीर कुठला? आणि गंमत बघा. जुन्या पॉसेनियसच्या प्रवासवर्णनात पाच थडग्यांचा हिशेब लागतो, म्हणून पाच सापडल्यावर श्लीमानने काम आटोपलं आणि निघून गेला. मागे राहिलेल्या स्टामाटाकिसला सहावं सापडलं! काकांनी तिथे उभ्या उभ्या टाळी वाजवली. ‘सरकारी माणूस शेवटपर्यंत थांबतो,’ म्हणाले. एका गोऱ्या म्हाताऱ्याला वाटलं काही कार्यक्रम आहे, त्यानेही वाजवली.

मला विचाराल तर मायसिनीत बघण्यासारखं एकच, खाली रस्त्याकडेला ते ‘एट्रियसचं कोषागार’ आहे ना, ते. कोषागार कसलं, थडगंच आहे, आणि एट्रियसचं असल्याचा काही पुरावा नाही. पण आत शिरलात की थंडगार, काळोख आणि डोक्यावर दगडी घुमट, तेरा मीटरच्या वर उंच, एकेक थर आत सरकवत नेलेला. दारावरची एक आडवी शिळा तर सव्वाशे टनांच्या घरातली. मी हात लावून पाहिला त्या चौकटीला, तासलेली कड अजून हाताला लागते. सगळे फोटो काढायला बाहेर गेले तरी मी आत थांबले. तिथे आवाज असा घुमतो... हो, आवाजाचंच सांगायचं आहे, पण अजून वेळ आहे.

आधी जेवण. कारण तिथेही एक झालं.

वहिनींचा उपास होता. त्या गाइडला म्हणाल्या, ‘टुडे माय फास्ट.’ गाइड खूश. त्यांच्यातही धर्माचे उपास असतात, वर्षातून कितीतरी दिवस. तिने वेटरला ग्रीकमध्ये समजावून सांगितलं. वेटर आला, त्याने वहिनींसमोरचं दही उचलून नेलं. मग ते पांढरं चीज घातलेलं सॅलडही नेलं. दूध-दही, अंडी, मांस त्यांच्या उपासाला चालत नाही ना! आणि वहिनी बघतायत तोवर मोठ्या आदराने एक बशी आणून ठेवली. भाजलेला ऑक्टोपस! अख्खा पाय, वाट्या-वाट्यांसकट. त्यांच्यात ऑक्टोपस, माकुल, शिंपल्या चालतात, त्यांना रक्त नसतं म्हणून. वहिनी उठून उभ्याच राहिल्या. काकू इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की जाऊबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. आणि मला वाटतं, तिथेच वहिनींच्या मनात राहिलं ते. बोलल्या काही नाहीत. भात भरलेले टोमॅटो आम्ही खाल्ले, फार चवदार होते. वहिनींनी पर्समधले शेंगदाणे खाल्ले.

नाफ्प्लियो सुंदर आहे, समुद्रकाठी, गल्ल्यांत बोगनवेल, पण आइसक्रीम खायलाच वेळ मिळाला. ग्रीस स्वतंत्र झाला तेव्हा अथेन्सच्या आधीची राजधानी ती. वर पालामिदीचा किल्ला, पायऱ्या ९९९ म्हणतात, मोजणाऱ्याला कमीच भरतात. एक मात्र पाहिलं, सेंट स्पिरिडॉनचं छोटंसं चर्च. त्यांचा पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियस, त्याला १८३१ मध्ये त्या दारातच मारलं, रविवारी प्रार्थनेला जाताना. कुणी? तर माव्रोमिखालिस घराण्यातल्यांनी. त्यांच्या घरातल्या थोरल्याला याने तुरुंगात टाकलं होतं. त्याचा भाऊ आणि मुलगा, दोघं दाराशी दबा धरून. भिंतीतलं गोळीचं भोक अजून काच लावून जपलंय. पुन्हा घराण्याचंच भांडण! काकूंनी काचेला हात लावला आणि म्हणाल्या, ‘आपल्यात नाही बाई असलं.’ असं म्हणाल्या त्या. माझ्या कानांनी ऐकलंय.

तर एपिडॉरस.

आता हे नीट ऐका, कारण देवाचा संबंध आहे. ते म्हणजे अस्क्लेपियसचं ठाणं, आरोग्याचा देव. हातात काठी, काठीला साप. लांबलांबून आजारी माणसं यायची, आंघोळ, नैवेद्य करून त्या एका ओवरीत रात्री झोपायची. स्वप्नात देव यायचा, कधी हात फिरवायचा, कधी उपाय सांगायचा. सकाळी बरी होऊन घरी. आणि बरे झालेल्यांच्या हकिगती दगडावर कोरून ठेवल्यात, त्या खऱ्याखुऱ्या शिळा सापडल्यात. एक क्लिओ नावाची बाई, पाच वर्षं गरोदर! इथे झोपली, सकाळी बाळंत झाली, आणि पोरगं जन्मल्या जन्मल्या उठून झऱ्यावर स्वतःची आंघोळ करून आईबरोबर चालायला लागलं. आमच्यातल्या सगळ्या सासवांना ती गोष्ट फार आवडली.

दुसरी अँब्रोसिया, अथेन्सची, एका डोळ्याने आंधळी. इतरांच्या हकिगती वाचून हसली, म्हणाली लंगडे-आंधळे नुसत्या स्वप्नाने कसे बरे होतील? रात्री देव आला. म्हणाला, बरी करतो, पण फी म्हणून देवळात चांदीचं डुक्कर वाहायचं, तुझ्या अडाणीपणाची आठवण म्हणून! तीही कोरून ठेवली आहे. हे चांदीचं डुक्करही लक्षात ठेवा.

मग थिएटर. फोटोत दिसतं त्याच्या कितीतरी पट मोठं. डोंगराच्या उतारावर अर्धगोल दगडी बाकं, आधी चौतीस ओळी होत्या, नंतर वर एकवीस वाढवल्या, म्हणजे पंचावन्न. बारा-चौदा हजार माणसं बसतील. १९६१ मध्ये मारिया कॅलास गायली आहे तिथे, ‘मेडिया’, ओनासिसच्या दिवसांतली कॅलास हो, तेव्हाच्या बातम्या काय सांगायच्या... पण ते पुन्हा कधीतरी. गाइड म्हणाली, खाली मध्यभागी तो गोल दगड आहे, तिथे नाणं टाकलं तरी शेवटच्या ओळीला ऐकू येतं. तशी काका उठले. वही काढली. म्हणाले, ‘मॅडम, २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या लोकांनी उपकरणं लावून मोजलंय. नाणं पडलं एवढं कळतं, पण निम्म्या उंचीच्या वर ते नाणंच आहे हे ओळखू येत नाही. आणि कुजबूज तर पुढच्या ओळींपलीकडे समजतच नाही.’ गाइडचा चेहरा जरा उतरला. म्हणाली, ‘मोठ्याने बोललेलं तर शेवटपर्यंत जातं ना?’ ‘ते जातं,’ काकांनी कबूल केलं. पण ते वाक्य ऐकायला वहिनी थांबल्या नव्हत्या. त्यांनी धरून ठेवलं तेवढं, कुजबूज पोचत नाही.

इकडे काकू निघाल्या वर. ‘सगळ्यात वरून बघायचंय मला!’ आणि चढल्या हो. टुणटुण टुणटुण, मध्ये एकदाच थांबल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा चढल्या. मागून जाऊबाई. बसल्या शेवटच्या ओळीत, हात हलवला.

वहिनी त्या गोल दगडावर, मी शेजारी. ऑक्टोपस विसरल्या नव्हत्या त्या. माझ्या कानाशी आल्या, आणि आता तुम्हाला ठाऊक आहे, वहिनींची कुजबूज म्हणजे आपल्याला इथे बसून त्यांच्या घरचा मेनू कळतो. म्हणाल्या, ‘बघितलंस का गुलमोहरवालीला? जावेच्या लेकीचा साखरपुडा दुसऱ्या मजल्यावर होता, लिफ्ट बंद, तर म्हणाली गुडघ्यांनी जमणार नाही. मला त्याच दिवशी मॉलमध्ये भेटली, सरकत्या जिन्यावर नाही हो, साध्या! आणि इथे कशी पंचावन्न चढली?’

शब्द संपला तशी मी वर बघितलं. आधी जाऊबाईंची मान फिरली. हळूच, काकूंकडे. मग काकूंचा हलवायला उचललेला हात तसाच वर राहिला. मधल्या ओळींत एक जर्मन बाई बसली होती, तिला अक्षर कळलं नसेल, पण तीसुद्धा वळून वर बघायला लागली. टूर मॅनेजर भाषांतर करायला उठला होता, तो परत बसला.

काकू खाली आल्या तेव्हा चेहरा लालबुंद. आणि येता येता उत्तरही तयार करून आल्या, त्यांचं कौतुकच! जाऊबाईंना म्हणतात, ‘अगं, देवाचं ठाणं आहे ना हे. इथे पाय ठेवला आणि गुडघे एकदम हलके झाले बघ.’

जाऊबाई एरवी कधी वर तोंड करून बोलत नाहीत हो. पण त्या दिवशी पर्स खांद्याला लावली आणि शांतपणे म्हणाल्या, ‘वहिनी, मग चांदीचं डुक्कर वाहा.’

अहो, मी तोंडात पदर कोंबला! गाइडला भाषांतर हवं होतं, कुणी करेना.

परतीच्या बसमध्ये जाऊबाई पुढे ड्रायव्हरमागे, काकू शेवटच्या सीटवर. खाकऱ्याचा डबा कुणाकडे राहिला, त्यावरही नंतर फोन झाले म्हणे. ग्रुप फोटो आला तो जाऊबाईंनी अर्धा कापून स्टेटसला लावला, त्यात काकूंचं नुसतं कोपर दिसतंय, जाऊन बघा. आता लग्न आलंय वैशाखात, हॉल तळमजल्यावरच घेतलाय मुद्दाम, सगळ्यांना सांगतात तसं. पत्रिका काकूंना गेली का नाही, ते मला उद्यापर्यंत कळेल.

वहिनी मात्र स्वतःकडे काही घ्यायला तयार नाहीत. त्या म्हणतात, दोष त्या नेदरलँड्सवाल्यांचा. काका तर फार मनाला लावून बसलेत. परवा भेटले, म्हणाले, मी पत्र लिहिणार आहे त्या संशोधकांना, तुमची आकडेवारी ठीक आहे, पण आमच्या कॉलनीतली कुजबूज तुम्ही मोजलीच नाहीत.